बॅटरी निर्दोष आहे!

ताप आलेला माणूस आणि सुरू न होणारी मोटार यांच्याभोवती जमणारी मंडळी एकाच गोत्राची असतात. रोगाचे नाव त्यांना आधीच ठाऊक असते. तापाला 'व्हायरल' आणि मोटारीला 'बॅटरी'. सकाळी किल्ली फिरवल्यावर गाडीने नुसते 'कट्‌ कट्‌' केले, की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दात घासता घासता निकाल येतो, "बॅटरी गेली हो तुमची! बदलून टाका!" वॉचमन मान डोलावतो. दूधवाला मान डोलावतो. बॅटरीची बाजू मांडायला मात्र कोणी उभे राहत नाही.

मी उभा आहे.

माझे म्हणणे साधे आहे. पुन्हा पुन्हा उतरणारी बॅटरी पुष्कळदा आरोपी नसतेच, ती फिर्यादी असते. घरात रोज रात्री चोरी होते, सकाळी तिजोरी रिकामी सापडते, आणि आपण काय करतो? नवी तिजोरी आणतो! चोर घरातच असतो. नव्या तिजोरीचा सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच होत असेल.

बरे, ही बॅटरी काही गूढ वस्तू नाही. शिसे आणि गंधकाचे आम्ल यांचा संसार प्लान्ते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली जमवून दिला, तो अजून टिकून आहे. मोटारीतल्या बॅटरीला सहा घरे, प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्टचे. पोट भरलेले असेल तर निवांत उभ्या गाडीत मीटर साधारण १२.६ दाखवतो. आकडा १२ च्या खाली गेला, की समजावे, डबा रिकामा. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा साधारण १४ च्या आसपास चढायला हवा. चढला नाही, तर भरणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा काम चुकवतो आहे. एवढे कळायला एक मीटर आणि दोन मिनिटे पुरतात. पण सल्ल्याला मीटर लागत नाही, ही आपल्याकडची मोठी सोय आहे.

गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म असली मंडळी थोडीथोडी वीज पीत असतात. ५० मिलिअँपियरपर्यंत पिणे सभ्यपणाचे मानतात. आता डिकीतला ५ वॉटचा एवढासा दिवा घ्या. तो चालू राहिला तर ०.४ अँपियर खातो. लहान गाडीची ३५ अँपियर-तासांची बॅटरी त्याला साडेतीन दिवस पुरेल, तीही कागदावर. इंजिनाला जोराचा हिसका देण्याइतकी ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी मुकी होते ती अशी.

आमच्या गाडीची बॅटरी अशीच उतरू लागली. गॅरेजवाल्याने ती बदलली. नवी बॅटरी पाचव्या दिवशी झोपली. त्यावर तो म्हणतो कसा, "साहेब, हल्लीच्या मालात दमच नाही. भारीतली टाकू."

"आधी मीटर लावा," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी पंगतीत बसून यजमानाकडे तुपाची पावती मागितली होती.

शेवटी एक म्हातारा वायरमन मिळाला. मीटरला रबरबँड बांधलेले. त्याने काळी वायर सोडवली, वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर अडकवला, दारे लावली आणि बिडी पेटवून कट्ट्यावर जाऊन बसला. अर्धा तास! गॅलरीतून चौकशी झाली, "हा काही करणार आहे का?" अहो, तो करतच होता. हल्लीच्या गाड्यांतले कॉम्प्युटर किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत. ते झोपल्याशिवाय चोर जागा आहे की नाही ते कळत नाही. अर्ध्या तासाने मीटरवर ०.४२. मग एकेक फ्यूज काढत गेला. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढताच आकडा ०.०३ वर. तो परत बसवला, पाच मिनिटे थांबला, डिकी उघडली आणि दिव्याला बोट लावले. गरम! झाकण लागल्यावर दिवा विझवणारे बटण अडकून बसले होते. बटण साठ रुपयांचे.

मेस्त्रीला मजुरी दिली तर तो संकोचला. म्हणाला, "बॅटरी बदलली तर लोक हजारो देतात साहेब. नुसतं बघितलं म्हटलं, की म्हणतात, बघायचे कसले पैसे?"

माझे खरे भांडण आहे ते इथे. गॅरेजवाला लबाड असेल किंवा नसेलही, पण त्याला तसे घडवणारे गिऱ्हाईक आपणच आहोत. आपण खोक्यातल्या वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. अर्धा तास शांत बसून चोर पकडणारा उपाशी, आणि पाच मिनिटांत बॅटरी विकणारा मालामाल. मग रबरबँडवाला मीटर पुढची पिढी कशाला हातात घेईल?

बॅटरी अमर आहे असे मी म्हणत नाही. आपल्या उन्हाळ्यात चार-पाच वर्षांत ती थकते. रोज दोन किलोमीटरवर भाजीला जाऊन येणाऱ्या गाडीत तिचे पोट भरतच नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली, तरी ती बदनाम होते. खायचा सोडा आणि गरम पाणी यांनी ते भागते. पण गंमत अशी, की दर वेळी पूर्ण रिकामी झाली, की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर क्षार घट्ट बसतात आणि ती खरोखरच दुबळी होते. म्हणजे आधी उपाशी ठेवायचे आणि मग म्हणायचे, "बघा, मी सांगत नव्हतो? अशक्तच होती!" असे सगळे निकाल शेवटी खरे ठरतात.

तेव्हा मागणी एवढीच. बॅटरी जरूर बदला, पण बिलावर आधी तीन आकडे लिहा : गाडी बंद असताना व्होल्ट किती, चालू असताना किती, आणि झोपलेली गाडी किती पिते. आणि ते आकडे काढणाऱ्याला अर्ध्या तासाचे पैसे द्या. बिडीसकट.