खोल पाण्यातील शिकवणी

गेल्या पंधरवड्यात एक निवृत्त शिक्षक स्नेही भेटावयास आले. त्यांच्या नातीला टेक्निकल स्कूबा डायव्हिंग शिकायचे आहे, आणि तेही गटात नव्हे, तर स्वतंत्र प्रशिक्षकाकडून. त्यासाठी आजोबांनी मुदत ठेव मोडावी काय? प्रश्न पैशाचा वाटला, तरी शेवटी ते हळूच म्हणाले, "पैसे देऊन मीच पोरीला संकटात लोटत नाही ना?"

तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून चार मासे पाहून येणे आपल्याला ठाऊक असते. हे शिक्षण त्याहून निराळे. हौशी पाणबुड्यांची मर्यादा साधारणपणे 40 मीटर मानली जाते. त्याहून खोल उतरणे, गुहेत शिरणे किंवा वर येताना ठरावीक थांबे घेणे आवश्यक व्हावे इतका वेळ खाली राहणे, हे या विद्येचे क्षेत्र.

समुद्रात दर 10 मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. 40 मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट होतो. या दाबाखाली नायट्रोजन रक्तात व पेशीजालात विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर सोड्याच्या बाटलीप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. त्यातून सांधेदुखी आणि प्रसंगी पक्षाघातही संभवतो. म्हणूनच टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत जॉन स्कॉट हाल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1908 मध्ये मांडली. याचा अर्थ असा की, अडचण आली तरी सरळ वर येता येत नाही. ती पाण्याखालीच, शांत चित्ताने सोडवावी लागते. शिकवणीचे खरे मोल या शांत चित्तात आहे.

आता खर्चाकडे पाहू. बोट, जादा सिलिंडर व अन्य उपकरणे यांचा खर्च असतोच. अधिक खोलीवर नायट्रोजन गुंगी आणतो आणि अधिक दाबाचा प्राणवायू झटके आणू शकतो, म्हणून मिश्रणात महागडा हेलियम घालावा लागतो. साध्या उपकरणात तो प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बुडबुडे होऊन निघून जातो. हा खर्च गटातही टळत नाही. स्वतंत्र शिकवणीत जादा पैसे पडतात ते प्रशिक्षकाच्या अविभक्त लक्षाचे. झडप बंद करणे, योग्य खोलीवर योग्य वायू घेणे, सोबत्याला आपला वायू देणे, हे सारे अंगवळणी पडेपर्यंत तो पुन्हापुन्हा करवून घेऊ शकतो. गटात मागे पडलेल्याची चूक झाकली जाते, येथे ती झाकत नाही. मात्र अशी डाइव्ह सोबत्यांसह करायची असते. म्हणून काही दिवस सोबत्याबरोबर सराव मिळायलाच हवा.

पैसे देण्यापूर्वी आपण चार गोष्टी विचाराव्यात. प्रशिक्षक स्वतः अशा डाइव्ह आजही नियमित करतो का? तयारी अपुरी वाटल्यास तो प्रमाणपत्र नाकारेल का? बोटीवर शुद्ध प्राणवायू असतो का, आणि दाबोपचाराचा कक्ष सर्वांत जवळ कोठे आहे? विम्यात हा खेळ समाविष्ट आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "पैसे भरले की प्रमाणपत्र मिळतेच" असे आले, तर तेथूनच परत फिरावे. शुल्क शिक्षणाचे असते, उत्तीर्ण होण्याचे नव्हे. वैद्यकीय तपासणीलाही शिकवणी पर्याय ठरत नाही. वाचकहो, आपल्यालाच पाण्यात उतरायचे असेल, तर पंचेचाळिशीनंतर हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी.

स्नेह्यांना मी सांगितले की आजारपणासाठी राखलेली ठेव मोडू नये. नातीने पायाभूत अनुभव आधी पुरेसा गाठीस बांधावा, मग टप्प्याटप्प्याने शिकावे, आणि आजोबांनी आपल्या कुवतीइतका एक टप्पा उचलावा. स्वस्त शिकवणी शोधून पैसे वाचवण्यापेक्षा एक वर्ष थांबणे शहाणपणाचे.

निघताना त्यांनी विचारले, "शेवटच्या दिवशीच तिचे परतीचे विमान काढू का?" मी म्हटले, "मुळीच नाही. थांबे घेऊन केलेल्या डाइव्हनंतर निदान 24 तास विमानप्रवास टाळायचा असतो. तिला एक दिवस किनाऱ्यावर राहू द्या. त्या दिवसाचे भाडे मात्र आपण आनंदाने द्या."