ओकारी आणि तिचे सोबती

आजचा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाही. तरी पण रात्री-अपरात्री लेकरू ओकू लागले आणि आईच्या हातापायांतले बळ गेले, असा प्रसंग ज्या घरात कधी आला नाही असे घर विरळाच. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे आधी ठाऊक असेल तर पुष्कळ अनर्थ टळतात.

ओकारी हा स्वतः रोग नव्हे. मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला, तिचे एक ठाणे असते. त्या ठाण्यावर चार वाटांनी वर्दी येते : पोट व आतडी यांच्याकडून, रक्तात मिसळलेल्या विषाकडून वा औषधाकडून, तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाकडून, आणि खुद्द मेंदूकडून. घाटात मोटार लागते ती कानाच्या वाटेने, आणि डोक्याला मार बसल्यावर ओकारी येते ती मेंदूच्या वाटेने. म्हणून ‘ओकला, तर पोट बिघडले’ असा निर्णय तडकाफडकी देऊ नये. ओकारीबरोबर आणखी काय आले, तिचे सोबती कोण, हे आधी पाहावे.

सर्वांत नेहमीचा सोबती म्हणजे जुलाब. येथे प्रश्न बहुधा पाण्याचा असतो, आणि याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. हुबळीच्या कमरीपेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीतील कुटुंबांना नळाच्या पाण्याची वाट पाहणे म्हणजे काय ते सांगावयास नको. पाणी काही दिवसांआड सुटते तेव्हा मधल्या काळात नळ्या रिकाम्या राहतात, आतील दाब जातो आणि चिरांतून गटाराची घाण आत शिरते. २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाडच्या काही वॉर्डांत अखंड पाणीपुरवठा सुरू झाला. तेव्हा दोन्ही प्रकारच्या पाण्याची तुलना संशोधकांनी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. थांबून-थांबून येणाऱ्या पाण्याच्या नमुन्यांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्यात विष्ठेतील जंतू सापडले. अखंड पाण्यात ते शंभरात एका नमुन्यातही पुरते नव्हते. विषमज्वर झालेली घरेही अखंड पाण्याच्या भागात कमी होती, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत दिसले. यावरून बोध एवढाच की, नळ सुटताच येणारे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये, पिण्याचे पाणी उकळावे, आणि साठवणीच्या भांड्यात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. ‘पाणी दिले की ओकते, म्हणून पाणी बंद करा’ हा सल्ला अजूनही घरोघर ऐकू येतो. हा सल्ला घातक आहे. जुलाब-ओकारीत लेकरू दगावते ते बहुतेक वेळा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पटकीच्या रोग्याची ओकारी आवरून त्याला तोंडानेच क्षार-साखरेचे पाणी देता येते. त्या वेळी या लेखाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन पुरेनासे झाले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून वाटले, आणि पाजण्याचे काम रोग्यांच्या नातलगांच्या हाती सोपविले. शंभरात सुमारे तीस माणसे मरत होती, ती संख्या चारांच्या खाली आली. आतड्यात साखर शिरताना मीठ व पाणी सोबत ओढून नेते, हेच त्यातील रहस्य.

म्हणून मूल ओकले तर दहा मिनिटे थांबावे, आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा क्षारसंजीवनीचे पाणी द्यावे. पेलाभर एकदम दिले तर ते बाहेर पडते. चमच्याचमच्याने दिलेले बहुधा टिकते. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते कालवावे. पाकीट नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. अंगावरचे दूध तोडू नये. डोळे खोल गेले, रडताना आसवे येईनाशी झाली, सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा मूल झापडीत राहू लागले, तर रुग्णालय गाठावे.

दुसरा सोबती पोटदुखी. आधी दुखणे सुरू होऊन मग ओकारी आली, आणि दुखणे बेंबीपासून उजवीकडे खाली सरकले, तर आंत्रपुच्छाचा दाह असण्याचा संभव फार. अशा वेळी एरंडेल किंवा कोणतेही रेचक कदापि देऊ नये. आंत्रपुच्छ फुटण्याची भीती असते. ओकारी हिरवी, पोट फुगलेले, शौच व वारा दोन्ही बंद, ही आतडे अडल्याची खूण होय. तान्हे मूल दूध पिऊन थोडे बाहेर टाकते त्याची चिंता नको. पण ते हिरवे ओकले, तर सकाळची वाट पाहू नये.

तिसरा सोबती डोकेदुखी. तापाबरोबर ओकारी व मान ताठ, किंवा पडल्यावर पुन्हा पुन्हा ओकारी व गुंगी, यांत घरचा उपचार करण्यात वेळ दवडू नये. चाळिशी उलटलेल्या माणसाला ओकारीबरोबर दरदरून घाम सुटला व छातीत जड वाटू लागले, तर ‘पित्त झाले’ म्हणून लिंबूपाणी देत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. फार तहान, फार लघवी, खोल व जलद श्वास आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास, ही मधुमेह विकोपाला गेल्याची लक्षणे, आणि ती लहान मुलांतही दिसतात.

गरोदर स्त्रीला पहिल्या तीन महिन्यांत मळमळ व्हावी हे स्वाभाविक. पण घोटभर पाणीही ठरेना तर तिला दवाखान्यात न्यावे. शेवटच्या महिन्यांत ओकारीबरोबर डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी व तोंडावर सूज आली, तर रक्तदाब तत्काळ तपासून घ्यावा. तेथे दोन जिवांचा प्रश्न असतो.

खेड्यापाड्यांतील वाचकांनी आणखी दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. फवारणीचे औषध अंगावर किंवा पोटात गेले तर ओकारी, लाळ व घाम सुटतो. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. मिठाचे पाणी पाजून ओकवू नये. रॉकेल प्यालेल्या मुलालाही ओकवू नये, कारण ते फुप्फुसात उतरते. दुसरी गोष्ट मण्यार सापाची. हा रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश दुखत नाही, खूणही दिसेनाशी असते. पहाटे पोटात कळ, ओकारी, आणि मग पापण्या जड होऊ लागल्या, तर अजीर्ण समजू नये. सापाच्या विषावरील लस रुग्णालयातच मिळते.

हुबळीत १९५७ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. डॉक्टरांकडे जाताना एवढे सांगता यावे : ओकारी केव्हापासून, किती वेळा, रंग कोणता, रक्त वा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडले काय, दुखणे आधी की ओकारी आधी, लघवी शेवटची केव्हा झाली. एवढी माहिती नीट दिली तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

माताभगिनींनो, क्षारसंजीवनीची चार पाकिटे आजच आणून घरात, सर्वांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा. आणि शेजारच्या घरी ओकणाऱ्या लेकराचे पाणी कोणी बंद करीत असेल, तर संकोच न करता चमचा घेऊन तेथे जा.