अंधारातली दहा मिनिटं

मायोर्काहून परतून आठवडा झाला. तेवढ्यात मावशीचे दोन फोन येऊन गेले. "आईला त्या गुहेत कशाला नेलंस? तिला धड दिसत नाही!" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो.

खरं तर मीही नाखूषच होतो, पण कारण वेगळं. तिकीट काढून बघायच्या गुहांवर माझा जुना राग आहे. दिवे, कठडे, रांगा.. निसर्गाला लग्नाच्या हॉलसारखं सजवायचं कशाला? पोर्तो क्रिस्तोजवळची ही कोवेस देल द्राक, म्हणजे ड्रॅगनची गुहा, तर त्यात बिनीची. १८९६ साली एदुआर मार्तेल या फ्रेंच संशोधकाने आतलं शंभर मीटरांहून लांब तळं शोधलं. पुढे १९३५ मध्ये रोषणाई केली कार्लेस बुइगास यांनी. बार्सिलोनाचं ते प्रसिद्ध जादुई कारंजं यांचंच. गुहेला कारंजेवाला! मी नाक मुरडलं. पण आईने हट्टच धरला.

काचबिंदूमुळे तिची नजर आता बरीच गेलीय. पायऱ्या उतरताना एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या दंडावर. मी वर्णन करत होतो. छतातून सुयांसारखे लोंबणारे लवणस्तंभ (नावात लवण असलं तरी चुनखडीचेच), खालून वर वाढलेले जाडजूड खांब..

"हात लावून बघू का रे?"

नाही लावायचा. हाताचा तेलकटपणा दगडाला लागला की झिरपणारं पाणी तिथे नीट धरत नाही आणि वाढ खुंटते. आधीच वाढ किती, तर शंभर वर्षांत जेमतेम सेंटीमीटरभर. हे सांगितल्यावर तिने मुकाट्याने हात मागे घेतला. मला कसंसंच झालं. जिला हातांनीच दिसतं तिला हात लावायची बंदी, आणि आम्हा डोळसांसाठी दिवे! अशा गुहांत दिव्यांच्या उजेडाने दगडावर शेवाळं धरतं, तेही नुकसानच. ते मात्र आपण चालवून घेतो.

शेवटी तळ्याकाठी सगळ्यांना बसवतात आणि दिवे मालवतात. शेकडो माणसं एकदम गप्प. आई कानाशी पुटपुटली, "आता सगळे माझ्यासारखे."

मग व्हायोलिन आणि चेलोचे सूर आले. होडी मला दिसायच्या आधीच ती कुठल्या बाजूने येतेय हे आईने ओळखलं. "छत उंच आहे ना रे इथे? आणि पलीकडे खूप पाणी आहे." तासभर मी बडबडत होतो, पण हे सांगायचं राहिलंच होतं. आवाजाने ते तिला सांगितलं.

तेव्हापासून माझा राग जरा निवळलाय. कठडे नसते तर ही गुहा फक्त माझ्यासारख्या धडधाकट लोकांची राहिली असती. संगीतालाही मी उगाच नावं ठेवत होतो. पण मला विचाराल तर दिवे आणखी कमी करावेत आणि अंधार दहा मिनिटांहून जास्त द्यावा. आणि प्रत्येक अशा गुहेच्या दाराशी एखादा आपोआप तुटून पडलेला तुकडा ठेवावा, खुशाल हात फिरवून बघायला. फार मोठी मागणी नाही ही.

असो. मावशी, मिळालं का उत्तर? आता पुढचा फोन आईलाच कर. गुहा कशी होती ते माझ्यापेक्षा ती नीट सांगेल.