नुसत्या ‘एसएस’वर रेट देऊ नका

मशीनचा तासाचा रेट कसा काढायचा, यावर आपण व्हिडिओ केला होता. त्याखाली वर्कशॉपवाल्यांची एक तक्रार परत परत दिसते: ‘सर, हिशेब बरोबर केला, तरी एसएसच्या जॉबमध्ये काही सुटत नाही.’

माझं मत सरळ आहे. तुमचा हिशेब चुकलेला नाही, तुम्ही प्रश्नच विचारला नाहीत. ‘एसएस’ हे आडनाव झालं. घरात कोण कोण आहे, ते विचारायला नको?

भोसरीतल्या एका मालकांचं सांगतो. दोन सीएनसी लेथ, जॉबवर्क करतात, माल ग्राहकाचा. ५०० बुशांची ऑर्डर त्यांच्याकडे नेहमी यायची, ३०३ मध्ये. एकदा दुसऱ्या ग्राहकाचं तसंच ड्रॉइंग आलं. मटेरियलच्या रकान्यात फक्त ‘एसएस’. यांनी जुनाच रेट ठोकला. माल आला ३१६. तीन मिनिटांत निघणारा बुश साडेचार मिनिटांवर गेला. दीड मिनिट म्हणजे काय मोठं, असं वाटतं ना? ५०० नगांना ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. तासाला ५०० रुपये धरले तरी ६,२५० रुपये गेले. इन्सर्ट आणि मोडलेले टॅप वेगळेच.

असं का होतं? ३०३ मध्ये मुद्दाम गंधक घातलेलं असतं, किमान ०.१५ टक्के. त्यामुळे चिप तुटून पडते. ३०४ आणि ३१६ मध्ये गंधक जवळपास नसतंच. चिप लांबच लांब निघते, जॉबला आणि चकला गुंडाळते, ऑपरेटर मशीन थांबवून हुकने ओढत बसतो. शिवाय हे स्टील उष्णता वाहून नेत नाही. एमएसच्या साधारण एक तृतीयांशच. म्हणजे सगळी गरमी टूलच्या धारेवर.

आणि सगळ्यात महागडी गोष्ट: हे मटेरियल घासलं की कडक होतं. आपला ऑपरेटर काय करतो? ‘माल कडक लागतोय’ म्हणून फीड कमी करतो. टूल कापायच्या ऐवजी घासायला लागतं, वरचा थर आणखी कडक होतो आणि पुढचा पास त्याच थरातून जातो. ड्रिल एका जागी फिरत ठेवलं, तर भोकाचा तळ काचेसारखा चकचकीत होतो. मग नवं ड्रिलसुद्धा आत शिरत नाही. इथे स्पीड कमी करायचा, फीड नाही. धारदार इन्सर्ट, भरपूर कूलंट, आणि कट त्या कडक थराच्या खालून. एवढं ऑपरेटरला एकदा शांतपणे समजावा. ओरडून उपयोग नाही, बिचारा एमएसवर शिकलेला असतो.

४१६ ची गोष्ट वेगळी. त्यातही गंधक असतं, लोहचुंबकाला चिकटतं आणि छान कापलं जातं. २०२ मात्र स्वस्त म्हणून येतं आणि ३०४ पेक्षाही लवकर कडक होतं. चुंबक लावून ३०४ आणि २०२ ओळखू म्हणाल, तर विसरा. टीसी मागा.

आता काही जण म्हणतील, मग ग्राहकाला सरळ ३०३ सुचवू, दोघांचा फायदा. सुचवा जरूर, पण विचारून. ज्या गंधकामुळे चिप तुटते, त्याच गंधकामुळे ३०३ लवकर गंजतं आणि वेल्डिंगला नीट चालत नाही. न सांगता ३०३ लावून दिलेले लोक मी पाहिलेत. ती हुशारी नाही, फसवणूक आहे.

माझ्या मते एन्क्वायरीच्या उत्तरात पहिली ओळ हीच हवी: ग्रेड कोणता, पार्ट कुठे बसणार, वेल्डिंग होणार का. ‘ग्रेड कळवल्यावर रेट देऊ’ म्हटलं की ग्राहक शेजारच्या गाळ्यात जाईल, ही भीती मला कळते. एखादा जाईलही. पण तो ३१६ चा जॉब शेजाऱ्याला ३०३ च्या रेटने मिळाला, तर त्यात तुमचं काय गेलं?

त्या भोसरीच्या मालकांनी पुढच्या लॉटआधी फोन केला. ३०३ चालेल का, विचारलं. उत्तर आलं, ‘नाही, पार्ट दूध प्लांटमध्ये बसतो, ३१६ च पाहिजे.’ मग त्यांनी साडेचार मिनिटांचा हिशेब कागदावर मांडून पाठवला. मागितली तेवढी वाढ मिळाली नाही. नगामागे साडेबारा मागितले होते, नऊ मिळाले. पहिल्या लॉटचे पैसे मात्र गेले ते गेलेच.