शिव्या झाल्या, दवाखाना कुठाय?

९ सप्टेंबर २००९. अमेरिकेची संसद. ओबामा आरोग्य-कायद्यावर बोलत होता. साउथ कॅरोलिनाचा जो विल्सन भर सभागृहात बोंबलला, ‘खोटं बोलतोस!’ त्याआधी सॅरा पेलिननं हूल उठवलेली – सरकार म्हणे ‘मृत्यूमंडळं’ नेमणार. कायद्यात असलं काही नव्हतंच.

मग एवढी आग कशाची? मी सांगतो, दोस्तांनो. १९६६ ला मेडिकेअर सुरू झालं ते अट घालूनच : काळ्यांचा वॉर्ड वेगळा ठेवाल, तर छदाम मिळणार नाही. खाटा एक झाल्या. तेव्हापासूनची ही पोटदुखी.

१९७२ ला आपल्या थोरल्यांनी पँथर हे नाव तिकडूनच आणलं. ब्लॅक पँथरांनी नुसत्या घोषणा नाही दिल्या, फुकट दवाखाने काढले.

शिव्या आपल्याकडंही झणझणीत आहेत. वस्तीत दवाखाना कुठाय?