मापटं आपलंही आहे

कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या कडेला मळ्यातलं एक जुनं घर उतरवताना माळ्यावर पितळी भांडं सापडलं. कंबरेत आवळलेलं, डमरूसारखं. विद्यार्थ्याने ते वर्गात आणलं. कुणी फुलदाणी म्हणालं, कुणी पेनस्टँड. दुसऱ्या एका मुलाच्या दादीने बघताक्षणी सांगितलं, "अरे, ये तो मापटं है!"

मापटं म्हणजे धान्य मोजायचा अर्धा शेर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजन नव्हे, भरलेलं भांडं मोजायचं. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि ही मापं हळूहळू बाजारातून उठली. फित्र्याचा साअसुद्धा असंच भांड्याचं माप, चार मुद्दांचा. आज तो आपण किलोत सांगतो. मापटं हातात दिलं की मुलांना साअ चटकन समजतो.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. गावगाड्यात सुतार, कुंभार यांच्याबरोबर मुलाणीही बलुतेदार होता. कामाचा मोबदला सुगीला धान्यात मिळे. ज्या मापाने पाटलाच्या घरचं धान्य मोजलं जाई, त्याच मापाने मुलाण्याच्या घरचंही. 'तुम्ही इथले कधीपासून?' असं आपल्याला विचारणाऱ्यांना हे भांडं दाखवावं.

म्हणून अशी वस्तू मोडीत घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिचं नाव विचारा, वहीत लिहा. कारखान्यासाठी गेलेल्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावर राहते. मापट्याची नोंद आपणच ठेवायची आहे.