सव्वीस वर्षांचा गवई

१९६८ साली अमेरिकेत लांब केसांची पोरं रॉक ऐकत आणि त्यांचे वडील कंट्री. व्हिएतनामवरून घराघरांत पडलेली फूट गाण्यांतही उतरली होती. गायक ग्रॅम पार्सन्सला ती मान्य नव्हती. तो जॉर्जियातल्या वेक्रॉसमध्ये वाढला. बाराव्या वर्षी वडिलांची आत्महत्या सोसली. शालेय शिक्षण संपलं त्याच सुमारास आईही गेली. त्याच्या गळ्यातली कातरता कमावलेली नव्हती.

१९६८ मध्येच तो 'द बर्ड्स' या गाजलेल्या बँडमध्ये आला आणि त्यांना थेट कंट्रीच्या माहेरी, नॅशव्हिलला घेऊन गेला. 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' या अल्बममध्ये पेडल स्टील गिटारचे मींडेसारखे ओढलेले स्वर रॉकच्या श्रोत्यांपुढे आले. तेव्हा तो अल्बम फारसा खपला नाही. पण त्याचा धागा पुढे गेला: आपल्याकडे ज्यांची गाणी कॉलेजच्या कट्ट्यावर अजून वाजतात, त्या 'ईगल्स'चा एक संस्थापक बर्नी लेडन आधी पार्सन्सच्याच 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' या बँडमध्ये होता.

१९ सप्टेंबर १९७३ रोजी जोशुआ ट्रीजवळच्या मोटेलात मॉर्फिन आणि दारूने त्याचा जीव घेतला. या व्यसनाला आम्ही कलंदरपणाचं वलय देणार नाही. त्या व्यसनाने आपल्याला कितीतरी गाण्यांना मुकवलं. 'ग्रीव्हस एंजल' हा अल्बम त्याच्यामागे, १९७४ मध्ये आला. त्यात गायिका एमिलू हॅरिसचा स्वर त्याच्या डळमळत्या स्वराला ज्या मायेने सावरतो, ते वाचून कळणार नाही. हा अंक बाजूला ठेवून आधी ते ऐका.